लाभ, एक, दोन

भांडण ज्वारीवरून झालं, आणि तेही दसऱ्याच्या दिवशी, पुरणपोळीच्या ताटावर.

उद्धवराव सोळुंके नांदेडहून सणाला गावी आले होते. गाव किल्लारीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. घरचं पाच एकर रान धाकटा भाऊ शेषेराव बघायचा, आणि आता हळूहळू शेषेरावाचा मुलगा बालाजी बघू लागला होता. बालाजीने पोळीचा पहिला घास मोडला आणि जाहीर केलं, "औंदा आजीची ज्वारी बंद. कंपनीचं बी आणलंय."

आजीची ज्वारी म्हणजे उद्धवरावांच्या आईने पन्नास वर्षं गाडग्यात राख घालून जपलेलं बी. भाकरी गोड, कडबा असा भरीव, की गुडघ्यावर धरूनच मोडावा. गावात पूर्वी घरोघरी ती पेरत, आता या एका घरात उरली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली, पण बी शेषेरावाच्या बायकोने, तारामतीने, त्याच गाडग्यात त्याच राखेत ठेवलं होतं. बालाजीचं बोलणं तिने वाढता वाढता ऐकलं. थोरल्या दिरापुढे बोलायची तिला सवयच नव्हती. तिने फक्त तूप वाढताना बालाजीचं ताट वगळलं.

"कमी पिकते तात्या ती," बालाजी उद्धवरावांना म्हणाला. "लाड करून किती दिवस पेरायची?"

"कमी पिकते कशावरून?" उद्धवरावांनी विचारलं.

"दिसतंय की."

झालं. दिसतंय की, हा शब्द उद्धवरावांसमोर काढायचा नसतो हे बालाजीला माहीत नव्हतं. त्यांनी नांदेडच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं. "दिसण्यावर जाऊ नये," ते ताटावर ताठ बसून म्हणाले. "पंधरा तुकडे पाडू. पाचांत तुझी कंपनी, पाचांत कृषी विद्यापीठाचं सुधारित वाण, पाचांत आईची ज्वारी. सुगीला मोजू. सरासऱ्यांत जो फरक पडेल तो खरा की योगायोगाचा, हे मी प्रचरण विश्लेषण करून सांगतो."

"ते काय असतंय?" शेषेरावाने विचारलं.

"शेवटी एक आकडा येतो. एफ म्हणतात त्याला. तो मोठा आला तर फरक खरा. लहान आला तर आपली नुसती समजूत."

बालाजी पोरगा सरळ होता. त्याने हात धुऊन शब्द दिला. आजीची ज्वारी पुढे आली किंवा बरोबरीत आली तर तो हयातभर पेरणार. खरोखर मागे पडली तर एक दाणा घरात ठेवायचा नाही, सगळी गिरणीत. तारामतीने दाराआडून हे ऐकलं आणि गाडग्यातलं सगळं बी काढून दिलं, कारण पाच तुकड्यांना तेवढं लागणारच होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती उद्धवरावांच्या बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. चौतीस वर्षं दर डिसेंबरात त्यांनी फळ्यावर हेच उदाहरण सोडवलं होतं. खत अ, खत ब, खत क, प्रत्येकी पाच वाफे, आकडे पुस्तकातले, उत्तर मागच्या पानावर. खऱ्या रानातल्या खऱ्या आकड्यांचं विश्लेषण त्यांनी जन्मात एकदाही केलेलं नव्हतं.

"करून बघितलंय का कधी?" नांदेडला परतताना गाडीत बायकोने, सौदामिनीबाईंनी, विचारलंच.

"गरज पडली नाही," उद्धवराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पण त्यांना आतून फार आनंद झाला होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना काहीतरी तपासायला मिळणार होतं. खडूची धूळ, पावसाळ्यात फुगणारा फळा, मागच्या बाकावरचा तो मृत्युंजय, जो एका वर्षी रोज उभा राहून विचारायचा, "सर, पाच वाफे असताना पाचातून एक का वजा करायचा?" सूत्रात तसं होतं. पाच निरीक्षणं असली की पाच उणे एक, चार. त्याला स्वाधीनता मात्रा म्हणतात, म्हणजे मोकळे राहिलेले आकडे. का, ते उद्धवरावांना सिद्ध करता यायचं, सांगता यायचं नाही. ते चष्मा पुसायला घ्यायचे, तेवढ्यात घंटा व्हायची. पोरगं एवढं तळमळीने विचारतं आणि आपण त्याला उत्तर देऊ शकलो नाही, ही बोच त्यांना एकतीस वर्षं होती.

पेरणीला ते स्वतः गेले. कुठल्या तुकड्यात कुठलं बी हे त्यांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून काढलं. बांधावर जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "सरपंचपदाची सोडत हाय का?" शेषेरावाने सांगितलं, "दादा इन्साफ करून राहिले." त्यानंतर चार महिने उद्धवराव नांदेडहून दर रविवारी फोन करून पंधराही तुकड्यांची वेगवेगळी खुशाली विचारत, आणि शेषेराव पंधराही वेळा "बराबर हाय" म्हणत असे.

फाल्गुनात खळं झालं. पंधरा तुकड्यांची पंधरा वेगळी पोती लागली. बालाजीने मागून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा सुरू केला, तर तो प्रत्येक पोत्याला एकच वजन दाखवू लागला. तिसऱ्या पोत्याला त्याने तेही दाखवायचं बंद केलं. दुसरा काटा आणायला लातूरला जावं लागलं असतं.

"आईची पायली हाय की घरात," शेषेराव म्हणाला. "पायलीनं मोजू. वर उरतील ते पाखरांना."

उरलेले दाणे पाखरांना, म्हणजे अपूर्णांक गेला. उद्धवराव हरकत घ्यायला उठले, पण पायली दिसताच ती हातात घेऊन उलटी करून बघू लागले. पितळी, तळाला पोचा आलेली. लहानपणी त्यांनीच ती आडात पाडली होती.

मोजणारा एकच माणूस हवा, हा नियम त्यांनी चौतीस वर्षं ठासून शिकवला होता. शेषेरावाने कंपनीची पाच पोती मोजली आणि विद्यापीठाची पाच. प्रत्येक पोत्याला पहिली पायली टाकताना तो म्हणे, "लाभ." मग, "दोन, तीन, चार." गावात धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. दहा पोती झाली आणि शेषेरावाची कंबर धरली. तो कमरेवर हात ठेवून तसाच वाकलेला राहिला.

तेव्हा तारामती पदर खोचून पुढे आली. "आत्याबाईंची ज्वारी मी मोजते," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. थोरल्या दिराकडे बघून बोलायचं टाळायला ती हे शेषेरावाच्या कमरेकडे बघत बोलली.

उद्धवराव त्या पोत्यांकडे पाठ करून बसले होते. कुठलं पोतं कुणाचं हे कळलं तर हात डळमळतो, म्हणून त्यांनी सकाळीच बाज फिरवून घेतली होती. मागून नुसता शेवटचा आकडा सांगायचा, ते लिहिणार. त्यामुळे त्यांना तारामती दिसली नाही. फक्त आवाज आला, "लाभ."

आणि सर नांदेडचे राहिले नाहीत. ते सात वर्षांचे झाले. आई अशीच म्हणायची, शेवट जरासा लांबवून. ती लाभ म्हणाली की हात घालून मूठभर दाणे उचलायचे आणि पळायचं, म्हणजे पाखरांना टाकायला. पुढचं मोजणं त्यांनी कधी थांबून ऐकलंच नव्हतं. आजही ते कानावर पडलं, पण लक्ष गेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, चष्मा पुसावा लागला. भानावर आले तेव्हा मागून तारामती म्हणत होती, "अकरा झाल्या म्हणावं त्यांना." मोजणारा बदलला, नियम मोडला, हे ध्यानातही न येता त्यांनी अकरा लिहिलं. पुढच्या चार पोत्यांनाही तेच झालं, लाभ ऐकलं की सर गेलेच.

नांदेडला त्यांनी जेवणाच्या टेबलावर वही पसरली. सौदामिनीबाई म्हणाल्या, "पुण्याला मुग्धाकडे पाठवा की. ती मोबाईलवर एका मिनिटात करून देईल." मुग्धा त्यांची मुलगी. उद्धवराव उठले. त्यांनी पेटीतून कॉलेजातली लॉग टेबलं काढली. त्यांच्या पानांत एक वाळलेला खडूचा तुकडाही निघाला. तीन दिवस टेबल त्यांच्याकडे होतं आणि जेवणं खाली चटईवर झाली.

कंपनीची सरासरी अकरा पॉइंट सहा पायल्या, विद्यापीठाची अकरा पॉइंट आठ, आईची दहा पॉइंट सहा. एफ आला सात पॉइंट सात पाच. कोष्टकात मर्यादा होती तीन पॉइंट आठ नऊ.

तीनदा तपासूनही एफ तेवढाच आला. आयुष्यातला पहिला खरा एफ, मोठा, स्वच्छ, आणि उद्धवरावांना तो अजिबात आवडला नाही. पण निकाल तो निकाल. त्यांनी फोन लावला आणि चौतीस वर्षं ज्या शब्दात सांगत आले त्याच शब्दात सांगितलं.

"शेषा, फरक सार्थक आला."

पलीकडे शेषेराव घरात वळून ओरडला, "ऐकलंस का, आईच्या ज्वारीचं सार्थक झालं म्हणून राहिले दादा!"

"अरे तसं नव्हे. सार्थक म्हणजे…"

"बास दादा, लई बरं वाटलं बघा," आणि फोन बंद. उद्धवराव परत लावेपर्यंत शेषेरावाने शेजारी दोन किलो पेढे वाटले होते. परत लागला तेव्हा उद्धवरावांनी संख्याशास्त्र बाजूला ठेवलं. "शेषा, आईची ज्वारी मागे पडली रे. एका पायलीने. फरक खरा आहे."

"मग पेढे?" एवढंच शेषेराव म्हणाला.

बालाजीने काही टोमणा मारला नाही. त्यालाच वाईट वाटलं, पण शब्द दिलेला होता. आजीच्या ज्वारीची सगळी पोती गावच्या यात्रेतल्या पंगतीच्या भाकरीला द्यायची ठरली. निदान गाव तरी एकदा पोटभर खाईल, असं तो म्हणाला. पोती गिरणीत गेली.

यात्रेच्या दिवशी सकाळी उद्धवराव नांदेडच्या घरात पेपर उलटा धरून बसले होते. सौदामिनीबाई गहू काढत होत्या. त्या उमरीच्या, वडिलांचं आडत दुकान होतं, त्यामुळे माप हातात आलं की त्यांचं तोंड आपोआप चालायचं. "लाभ, दोन, तीन, चार…"

उद्धवरावांनी पेपर खाली केला. "काय म्हणालात?"

"चार."

"त्याच्या आधी."

"लाभ, दोन, तीन. आता मोजू द्या की मला."

"लाभानंतर दोन?"

"मग काय एक? लाभ म्हणजेच एक. इतकी वर्षं काय शिकवत होतात कॉलेजात?"

उद्धवराव उभे राहिले. कानात तारामतीचा आवाज होता, आणि आता पहिल्यांदाच त्यांना लाभाच्या पुढचं ऐकू येत होतं. लाभ. एक. दोन. तीन. हो, एकच. पाचही पोत्यांना, पाचही वेळा, लाभानंतर एक. म्हणजे आईच्या प्रत्येक पोत्यातली एक पायली वहीत आलेलीच नव्हती.

त्यांनी फोन लावला. पलीकडे यात्रेचा भोंगा आणि हलगी.

"शेषा, थांबव. एक राहिला!"

"कोण राहिला?"

"प्रत्येकात एक राहिला! लाभ राहिला!"

"राहिलात तर या की मग. दोघं बी या. पंगत चारला हाय."

लातूरची एसटी मिळाली. चैत्राचं ऊन, खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली. अहमदपूरपर्यंत उद्धवरावांनी तिकिटाच्या मागे गणित मांडलं. आईच्या पाचही आकड्यांत एक मिळवला. सरासरी झाली अकरा पॉइंट सहा, कंपनीइतकीच, तंतोतंत. एफ आला शून्य पॉइंट दोन पाच.

"लहान आला," ते सौदामिनीबाईंना म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे फरक नाही. बरोबरीत आहे आईची. फरक ज्वारीत नव्हताच, मोजणाऱ्या माणसांत होता. मी बियांची परीक्षा घ्यायला बसलो आणि घेतली शेषाची आणि तारामतीची."

"आणि ज्वारी?"

उद्धवरावांनी तिकीट घडी घालून खिशात ठेवलं. लातूरहून जीप करून गावात पोचले तेव्हा पहिली पंगत उठत होती. त्यांना धरून बसवलं गेलं, पुढ्यात भाकरी आणि आमटी आली. भाकरी आईच्या हातची असायची तशी होती, गोड, पांढरी. त्यांनी एक घास खाल्ला आणि उरलेली भाकरी हातात धरून ते भर पंगतीत तसेच बसले. गावातली शेवटची आईची ज्वारी, आणि ती त्यांच्याच एफमुळे गिरणीत गेली होती.

घरी आल्यावर त्यांनी तिकीट काढून सगळ्यांसमोर ठेवलं आणि झालेली चूक सांगितली. बालाजीने तिकिटाच्या दोन्ही बाजू बघितल्या.

"म्हणजे तात्या, आजीची बरोबरीत हाय?"

"बरोबरीत आहे."

"मग मी पेरायला बांधील हाव. पण बी कुठंय आता?" तो खाली बसला. "सगळी दळली की."

मोजणीच्या वेळी कंबर धरून झाडाखाली आडवा पडलेला शेषेराव आता बायकोवर चिडला. "लाभ, एक कुठं असतंय का? आम्ही बाप्ये लाभ, दोन मोजतोत. तुला मालूम न्हाई?"

तारामती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "तुमी बाजारासाठी मोजताव," ती नवऱ्याला म्हणाली. "बाजारात लाभ धरतेत, तो घेणाराचा असतोय. घरचं मोजताना बाईमाणसानं लाभ धरायचा नसतोय. आत्याबाईंनी मला पयल्याच सुगीला सांगितलंतं. पयलं माप बियाचं. ते आपलं न्हाईच, मग मोजायचं कसं? ते बाजूला ठिवायचं, आन् मग म्हणायचं एक."

"बाजूला," उद्धवराव म्हणाले. सासूच्या नियमाने सून बोलत होती आणि ते ऐकत होते, पण हा एक शब्द त्यांना वेगळा ऐकू आला. "तारामती, बाजूला म्हणजे कुठे?"

तारामती आत गेली. येताना तिच्या कडेवर गाडगं होतं, आईचंच. ते ठेवून ती परत गेली आणि दुसरं घेऊन आली. तोंडाला फडकं, वर राख. बालाजीने राखेत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. टपोरी, पांढरी ज्वारी.

"पाच पायल्या हायत," तारामती म्हणाली.

एकराला पायलीभर बी पुरून उरतं, आणि रान पाच एकर होतं. शेषेराव हिशोब न करताच हसू लागला.

"अगं मग आधी का बोलली नाहीस?" सौदामिनीबाईंनी विचारलं.

"अक्का, भाऊजी आकडा लिहिलालते. मला कोण इचारलं?"

हे अगदी खरं होतं. पंधरा तुकडे, चिठ्ठ्या, पाठ फिरवलेली बाज, सगळं उद्धवरावांनी केलं होतं, पण मोजणाऱ्या बाईला तू कशी मोजतेस हे विचारलं नव्हतं. त्यांनी वही उघडली आणि आईच्या रकान्यातले पाचही आकडे दुरुस्त केले. करता करता त्यांचा हात थांबला.

पाचातून एक वजा. पहिलं बाजूला ठेवायचं, ते आपलं नाहीच, उरलेलं मोकळं.

परीक्षेत कुणी हे उत्तर लिहिलं असतं तर त्यांनी स्वच्छ शून्य दिलं असतं. पण एकतीस वर्षांत त्यांना सांगण्यासारखं काहीतरी पहिल्यांदा सुचलं होतं, आणि ते कुणाला सांगायचं हेही माहीत होतं. मृत्युंजय आता लातुरात क्लास चालवतो, गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. त्यांनी नंबर लावला.

"मृत्युंजय, सोळुंके बोलतोय. तू मला विचारायचास बघ, पाचातून एक का वजा करायचा. तुझं उत्तर राहून गेलं होतं. मला माफ कर, पण आज देतो."

मृत्युंजय चाचरत म्हणाला, "सर, रागावू नका. मला उत्तर नकोच असायचं. घंटेला पाच मिनिटं उरली की मी तो प्रश्न विचारायचो. तुम्ही चष्मा पुसायला घेतला की मागचे तीन बाक खिडकीतून पसार. माझी पाळीच असायची ती."

उद्धवरावांनी चष्मा काढला. पुसायला पदर कुठला मिळेना, धोतराचा सोगाही नव्हता, म्हणून तसाच हातात धरला. एकतीस वर्षांची बोच, आणि ती खिडकीतून पसार झालेली.

"सर?" मृत्युंजयचा आवाज जरा खाली आला. "पण सांगा ना. आता माझी पोरं मलाच विचारतेत. रोज एक पोरगी उभी राहती. मी बी चष्माच पुसतो, सर. मला तर चष्म्याचा नंबरबी न्हाई."

उद्धवराव इतके हसले की शेषेरावाला कंबर विसरून उठावं लागलं. मग त्यांनी फोन तारामतीपुढे धरला. "थांब," ते मृत्युंजयला म्हणाले, "ज्यांना येतं त्यांनाच देतो."

तारामतीने पदर डोक्यावर सारखा केला. एकदा थोरल्या दिराकडे नीट बघितलं, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि फोन कानाला लावला.

"हॅलो," ती म्हणाली. "वही पेन घ्या. पयला बियाचा असतोय."